लाईट आल्यावर

लाईट जाण्याबद्दल आमच्या सांगलीत सगळेच बोलतात. लाईट येण्याबद्दल बोलणारी मी एकटीच असेन, कारण माझं पोट त्यावर चालतं. एप्रिल-मेमध्ये दुपार कलली की आभाळ भरून येतं, वळीव सुटतो, कुठेतरी फांदी तारेवर पडते आणि फीडर ट्रिप होतो. मग लाईट येते, जाते, परत येते, थोडा वेळ नुसतीच पिवळी पडून राहते, पुन्हा जाते आणि शेवटी एकदाची टिकते. या प्रत्येक येण्याला तासगावच्या बाजूच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भिंतीवर अडकवलेल्या लोखंडी पेटीतला बोर्ड शून्यापासून जागा होतो. आत बेदाणा असतो, म्हणजे द्राक्षबागायतदाराचा वर्षाचा पैसा. बोर्डाने उठून तापमान, दमटपणा आणि कॉम्प्रेसर यांचा ताबा घ्यायचा असतो. त्या उठण्यातले पहिले काही सेकंद माझे.

बॅटरी बॅकअप नाही का, असं पुण्याचा प्रत्येक पाहुणा विचारतो. असतो. दोन-तीन वर्षांत ती बॅटरी फुगते, आणि फुगलेली बॅटरी बदलण्याचा खर्च कुठल्याच वहीत बसत नाही.

मी कुपवाड एमआयडीसीतल्या एका लहानशा कंपनीत आहे. आम्ही हे कंट्रोलर बनवतो. त्यातल्या स्क्रीनचं, मोबाइल ॲपचं काम करणारी मुलं वेगळी. त्यांचं काम गिऱ्हाइकाला दिसतं. माझ्याकडे बूटलोडर आहे, यू-बूट नावाचा, म्हणजे वीज आल्यावर बोर्ड जागा करून मुख्य सॉफ्टवेअरच्या हाती देणारा प्रोग्राम. तो नीट चालला तर तो आहे हेच कुणाला कळत नाही. परदेशातल्या डेटा सेंटरमधला सर्व्हर महिनोन्‌महिने बंद होत नाही. त्याच्या बूटलोडरला वर्षात एक-दोनदा हलायचं काम. आमच्या पेटीतल्या बूटलोडरला तेवढं काम वळवाच्या एका संध्याकाळी पडतं. म्हणून मी म्हणते, बूटलोडर हे खरं आपल्या मुलखाचं सॉफ्टवेअर आहे. त्याची जडणघडण म्युनिकजवळ झाली, हा योगायोग.

म्युनिकजवळ म्हणजे वोल्फगांग डेंक यांच्याकडे. मॅग्नस डॅम यांनी पॉवरपीसीच्या एका चिपमालिकेसाठी लिहिलेला छोटा रॉम प्रोग्राम डेंक यांनी हाती घेतला. २००० च्या सुमारास तो पीपीसीबूट झाला, आणि २००२ मध्ये इतर प्रोसेसर आल्यावर यू-बूट. कोड सगळ्यांना खुला, जीपीएल परवान्याखाली. घरातले राउटर, कारखान्यातले कंट्रोलर, जुनी ई-रीडर यंत्रं अशा कितीतरी वस्तूंत तो बसला. २०१२ पासून मुख्य देखभालकर्ते टॉम रिनी आहेत. डेंक २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये गेले. त्यांच्या काळात ठरलेली रचनेची तत्त्वं अजून दस्तऐवजात आहेत आणि त्यांचा क्रम मला आवडतो: आधी लहान ठेवा, मग वेगवान ठेवा, मग सोपं ठेवा. पुढच्या यादीत ‘सुंदर ठेवा’ असंही एक कलम आहे. सरकारी निविदेत असं कलम अजून माझ्या पाहण्यात आलेलं नाही.

लहान ठेवण्याचा आग्रह हौशीचा नाही. वीज आली की प्रोसेसरच्या पोटात कारखान्यातच कोरलेला रॉम आधी जागा होतो. बाहेरची मोठी मेमरी त्या क्षणी नुसती सोल्डर केलेली वस्तू असते. तिचं टायमिंग लावल्याशिवाय तिच्यात काही ठेवता येत नाही. रॉम मग फ्लॅशमधून, म्हणजे वीज गेली तरी साठा टिकवणाऱ्या चिपमधून, एक छोटा तुकडा उचलतो आणि चिपच्या आतल्या चिमूटभर मेमरीत टाकतो. ऑलविनर कंपनीच्या जुन्या चिपांवर तो ३२ केबीपर्यंतच उचलतो. एवढ्या जागेत क्लॉक लावायचे, मेमरी जागी करायची, फ्लॅश वाचायची आणि खरा यू-बूट आत आणायचा. हे करणाऱ्या तुकड्याला एसपीएल म्हणतात. त्यानंतर यू-बूट, त्यानंतर लिनक्स, म्हणजे पेटी चालवणारी ऑपरेटिंग सिस्टिम.

या प्रत्येक पायरीवर ड्रायव्हर लागतो, म्हणजे एकेका उपकरणाशी बोलणारा कोड. फ्लॅशचा, कार्डाचा, सिरियल पोर्टचा, नेटवर्कचा. तेच हार्डवेअर, पण लिनक्समधला ड्रायव्हर आणि यू-बूटमधला ड्रायव्हर यांचं आयुष्य फार वेगळं. लिनक्समध्ये काम झालं की इंटरप्ट येतो, म्हणजे उपकरण स्वतःच हाक मारतं, दहा प्रोग्राम एकाच उपकरणासाठी रांगेत असतात, कुलपं लावावी लागतात. यू-बूटमध्ये एकच धागा, म्हणजे एका वेळी एकच काम. ड्रायव्हर रजिस्टरमध्ये आज्ञा लिहितो आणि ‘झालं का, झालं का’ विचारत उभा राहतो. तरीही बरेचसे ड्रायव्हर लिनक्समधूनच आणलेले आहेत, आणि ते फार न बदलता बसावेत म्हणून एक गमतीशीर सोय आहे. म्यूटेक्स, स्पिनलॉक ही कुलपांची सगळी नावं यू-बूटच्या एका हेडर फाइलमध्ये आहेत, पण त्यांच्या आत काहीच नाही. लिनक्समधला कोड कुलूप लावतो, यू-बूट हो म्हणतो, आणि लावत काहीच नाही. नवीन मुलांना हे दाखवलं की ती दचकतात. मला त्यात शहाणपण दिसतं: मूळ कोडशी चेहरा जुळता राहिला, तर तिकडे झालेली दुरुस्ती इकडे आणताना हात कमी भाजतात.

दुसरा फरक निघून जाण्याचा. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात म्हणून ही उपमा सुचते: यू-बूट हा सूत्रधार. पडदा वर गेला की त्याने विंगेत जायचं असतं, आणि जाताना रंगमंचावर दोरी ओढत कुणी राहिलेलं नाही ना, ते पाहायचं असतं. नेटवर्कच्या ड्रायव्हरचंच घ्या. यू-बूटने नेटवर्कवरून फाइल आणली, त्यासाठी नेटवर्क कंट्रोलरला मेमरीतली एक जागा दाखवली, ‘आलेलं पाकीट इथे टाक.’ मग कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, उडी मारली, पण कंट्रोलरला थांब म्हणायला विसरला. आता ती जागा कर्नलची. नेटवर्कवर कुणीतरी सगळ्यांना उद्देशून एक पाकीट सोडतं आणि कंट्रोलर इमानदारीने ते कर्नलच्या डोक्यात लिहितो. कर्नल दर वेळी वेगळ्याच ठिकाणी मरतो, आणि केबल काढून ठेवली की मुळीच मरत नाही. अशा रोगाला माणूस आठवडा देऊन बसतो. आजच्या यू-बूटमध्ये ड्रायव्हरवर एक खूण करता येते, ‘हा स्वतःहून मेमरीत लिहितो’. कर्नल सुरू करण्याआधी अशी खूण असलेले सगळे ड्रायव्हर बंद केले जातात. खूण एका ओळीची आहे. ती लावायची हे कुणाच्या तरी लक्षात राहावं लागतं.

‘आजच्या’ असं म्हटलं, कारण पूर्वी अशी खूण लावायला जागाच नव्हती.

पूर्वीचा यू-बूट मी वाचला आहे आणि त्याची टिंगल करायला मी तयार नाही. प्रत्येक बोर्डाची एक हेडर फाइल, तिच्यात शेकडो व्याख्या. बोर्डाची एक सी फाइल, तिच्यात वरून खाली सगळं स्पष्ट: हा पिन वर करा, ही वीज सुरू करा, हे कार्ड जागं करा. वाचायला सरळ. अडचण दुसरीकडे होती. एसपीआयच्या, म्हणजे फ्लॅशसारख्या चिपांशी बोलायच्या जोडणीच्या, प्रत्येक ड्रायव्हरमध्ये त्याच नावाचं फंक्शन असायचं, कारण वरचा कोड त्या ठराविक नावानेच हाक मारायचा. बोर्डावर दोन प्रकारचे एसपीआय कंट्रोलर असले, तर दोन्ही ड्रायव्हर एका वेळी जोडताच येत नव्हते. कोडचे तुकडे जोडणारा लिंकर म्हणायचा, हे नाव दोनदा आलंय. मग इफ-डेफ, म्हणजे ‘अमुक असेल तरच हा कोड घ्या’ अशी अट, त्याच्या पोटात इफ-डेफ.

२०१२ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी मारेक वासुत यांच्या मार्गदर्शनाखाली नव्या मांडणीचा पाया घातला. २०१४ मध्ये सायमन ग्लास यांनी ती उभी केली. तिचं नाव ड्रायव्हर मॉडेल. उपकरणांचे वर्ग ठरले, त्यांना यूक्लास म्हणतात. वरचा कोड वर्गाशी बोलतो, वर्ग त्यातल्या योग्य ड्रायव्हरशी. कुठलं उपकरण कुठल्या पत्त्यावर आहे हे डिव्हाइस ट्री सांगतं. आणि सुरुवातीच्या दोन पायऱ्या वेगळ्या झाल्या: बाइंड म्हणजे हे उपकरण आहे अशी नोंद, तेव्हा हार्डवेअरला बोटही लावायचं नाही, प्रोब म्हणजे ते खरोखर जागं करणं, तेही कुणाला हवं असेल तेव्हाच. आज यू-बूटमध्ये एक आज्ञा दिली की सगळी उपकरणं फांद्यांसारखी छापली जातात आणि जी जागी झाली आहेत त्यांच्यासमोर अधिकचं चिन्ह असतं. माझं निम्मं निदान त्या अधिकच्या चिन्हांवर होतं.

चिन्ह नसेल तिथेच बहुधा दुखणं असतं. जुन्या बोर्ड फाइलमध्ये नेटवर्कच्या चिपला वीज देणारा पिन कुणीतरी जाता जाता वर करून ठेवलेला असायचा. नव्या मांडणीत बोर्ड फाइल काढली, डिव्हाइस ट्री लिहिलं, सगळं स्वच्छ झालं आणि नेटवर्क मेलं. वीज देणारं उपकरण कुणी मागितलंच नाही, म्हणून त्याला कुणी जागंही केलं नाही. जुन्या कोडमध्ये क्रम लिहिलेला होता, कारण लिहिलेलं नव्हतं. नव्यात कारण लिहावं लागतं, क्रम त्यातून आपोआप निघतो. हे कारण शोधायला स्किमॅटिक, म्हणजे बोर्डाच्या सर्किटचा नकाशा, काढून बसावं लागतं, आणि स्किमॅटिक ज्याने काढलं तो मनुष्य आता बंगळुरात असतो.

शिवाय नवी मांडणी जाडी आहे. ३२ केबीच्या एसपीएलमध्ये डिव्हाइस ट्री वाचणारा कोडच किती जागा खातो! त्यावर उपाय निघाला, की बिल्ड करतानाच डिव्हाइस ट्रीचं सीमधल्या स्ट्रक्चरमध्ये रूपांतर करून टाकायचं. चालतो. पण ‘लहान ठेवा’ आणि ‘सुंदर ठेवा’ ही कलमं एकमेकांकडे डोळे वटारून बघतात, हे त्या कोडमध्ये दिसतं.

खरी परीक्षा मांडणी लिहिण्यात नव्हती, सगळ्यांना तिच्यावर आणण्यात होती. यू-बूटमध्ये हजाराच्या वर बोर्ड आहेत. नवं मॉडेल आलं म्हणून जुनं लगेच काढता येत नाही. दोन्ही शेजारी शेजारी नांदत राहतात, आणि तोवर प्रत्येक दुरुस्ती दोनदा. मग मुदती ठरल्या. कार्डाच्या ड्रायव्हरसाठी २०१९.०४ ही आवृत्ती, यूएसबी आणि एसपीआयसाठी २०१९.०७, नेटवर्कसाठी २०२०.०७. ज्या बोर्डाने बदल केला नसेल त्याचा बिल्ड संपताना मोठ्या अक्षरांत इशारा यायचा: अमुक आवृत्तीच्या आधी बदला, नाहीतर हा बोर्ड काढला जाऊ शकतो.

२०१९.०७ जुलैमध्ये निघाली. ऑगस्टमध्ये आमच्याकडे कृष्णा आली. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. बाजारपेठ बुडाली, कित्येक भागांत लाईट नव्हती, आणि आमच्या कितीतरी पेट्या चिखलाने भरून कारखान्यात परत आल्या. त्या टेबलावर धुऊन, वाळवून, मल्टिमीटर लावून बघत असताना कॉम्प्युटरवर तो इशारा छापला जात होता. तेव्हा राग आला होता. आता नाही. मुदती पुढेही सरकल्या. काही बोर्ड त्यानंतर दोन-तीन वर्षं तसेच राहिले आणि मगच काढले गेले.

काढण्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना कठोर वाटतं. ज्या बोर्डाचा धनी नाही, ज्यावर नवी आवृत्ती कुणी चढवून बघत नाही, त्याचा कोड ठेवण्यात माया नाही, फसवणूक आहे. तो बिल्ड होतो, म्हणून चालतो असा समज होतो. मग कुणी भाबडा माणूस त्यावर विसंबून आपलं यंत्र अपग्रेड करतो आणि ते उठत नाही. काढलेला कोड गिटच्या, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, इतिहासात असतोच. बोर्ड हातात असलेला कुणी आला, तर परत आणता येतो. पण उलटही खरं आहे. जिथे पेटी भिंतीवर चालू आहे आणि तिच्याकडे बघणारा एक तरी माणूस आहे, तिथे तो कोड जुना आहे, कंटाळवाणा आहे, मांडणीत बसत नाही, या कारणांनी काढू नये. आमचा बोर्ड राहावा म्हणून मी ड्रायव्हर नव्या मॉडेलवर आणले. आमच्या साहेबांनी विचारलं, “नवीन काय आलं यात?” मी म्हटलं, “काही नाही. जुनंच चालत राहील.” त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिलं आणि पगार चालू ठेवला.

व्याख्या हेडरमधून केकॉन्फिगमध्ये, म्हणजे पर्यायांच्या एका पद्धतशीर यादीत, हलवणं हे दुसरं मोठं काम, तेही २०१४ ला सुरू झालं आणि वर्षानुवर्षं चाललं. त्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, की ते कुणीतरी केलं. एक मात्र सांगते. यू-बूट आपल्या सेटिंग फ्लॅशमध्ये लिहितो. लिहिता लिहिता लाईट गेली तर दोन्हीकडून गेलो, म्हणून त्यांच्या दोन प्रती ठेवायची सोय आहे. आमच्यासारख्यांची ती कुलदेवता. त्या पर्यायाच्या नावात ‘रिडंडंट’ऐवजी ‘रिडंडंड’ अशी चूक कुणीतरी केली, आणि इतक्या बोर्डांनी ते नाव वापरलं की ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहिली. मी ते नाव टाइप करताना दर वेळी बोट अडखळायचं.

आता मामांची गोष्ट. कोल्ड स्टोरेजचे ऑपरेटर. सगळे मामाच म्हणतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांचा फोन आला.

“मॅडम, तुमची नवी पेटी लाईट आल्याव कवा चालू हुतीया, कवा न्हाई. जुनी मातर चालती.”

“मग तुम्ही काय करता, मामा?”

“मी शोध लावलाय. मेन पाडायचा. एक बिडी वडून व्हईस्तवर थांबायचं. मग मेन वर. हमखास चालू.”

मी त्यांना विचारलं, बिडी न ओढता लगेच वर केला तर? “न्हाई हुत. बिडी पायजेच.” आमच्या सर्व्हिसच्या मुलांनी हे हसून सोडून दिलं होतं. मला त्यात अख्खं निदान दिसलं. बिडीभर वेळ म्हणजे कपॅसिटर पूर्ण रिकामे व्हायला लागणारा वेळ. याचा अर्थ नव्या पेटीत अशी काहीतरी वस्तू होती, जी झटक्यात येणाऱ्या-जाणाऱ्या लाईटमध्ये मरत नव्हती आणि म्हणून नव्याने जन्मतही नव्हती.

ती फ्लॅश निघाली. एसपीआय फ्लॅशला पूर्वी तीन बाइटचा पत्ता पुरायचा. तीन बाइटमध्ये १६ एमबीपर्यंत पोचता येतं. आमची फ्लॅश ३२ एमबीची. तिच्या पलीकडच्या अर्ध्यात जायचं तर चौथा बाइट हवा. त्याचे दोन मार्ग. एक, फ्लॅशला एकदा सांगायचं, ‘इथून पुढे चार बाइटचा पत्ता’. हेक्समध्ये बी७ ही आज्ञा. दुसरा, प्रत्येक वेळी चार बाइटची वेगळी आज्ञाच वापरायची. साधं वाचन ०३, चार बाइटवालं १३. पहिल्या मार्गात फ्लॅशला ते लक्षात ठेवावं लागतं. आमच्या पेटीतलं लिनक्स पहिल्या मार्गाने जात होतं. लाईटचा छोटा झटका बसला की प्रोसेसरवर पहारा देणारी चिप प्रोसेसरला रिसेट करायची, पण फ्लॅशचं व्होल्टेज तिला विसर पडण्याइतकं खाली जायचं नाही. मग रॉम उठून तीन बाइटचा पत्ता पाठवायचा, फ्लॅश चौथ्याची वाट बघायची, पुढचा सगळा डेटा एका घराने सरकायचा. रॉमला आपली ओळखीची खूण सापडायची नाही. तो गप्प. सिरियल पोर्टवर एक अक्षर नाही, कारण अक्षर छापणारा कोड अजून आत आलेलाच नसतो.

हा रोग जगजाहीर आहे. लिनक्सच्या डिव्हाइस ट्रीमध्ये, ज्या बोर्डावर फ्लॅशला नीट रिसेट मिळत नाही त्यासाठी एक वेगळा गुणधर्मच आहे. तो लावला की लिनक्स बंद होताना फ्लॅशला परत तीन बाइटवर आणतं. पण फांदी तारेवर पडते तेव्हा लिनक्सला बंद होण्याची सवड कोण देतं? हार्डवेअरमध्ये उपाय सोपा आहे. जुन्या पेटीत तो होताच: रिसेट झाला की एक ट्रान्झिस्टर फ्लॅशची वीजही क्षणभर तोडायचा. पुढच्या डिझाइनमध्ये काही रुपये वाचवायला तो काढला. वाचलेले रुपये मामांच्या बिडीत गेले.

मी टेबलावर डिमरस्टॅट लावला, व्होल्टेज हळूहळू खाली-वर करत रोग हवा तेव्हा उभा करता येईल असं केलं. पुनःपुन्हा उभा करता आला की अर्धं काम होतं. मग दुसरा मार्ग: चार बाइटच्या वेगळ्या आज्ञा, म्हणजे फ्लॅशला काही लक्षातच ठेवावं लागणार नाही. यू-बूटचा फ्लॅशचा कोड २०१९ मध्ये लिनक्सवरून नव्याने बेतला गेला, त्यामुळे हे तिथे तयार होतं. प्रत्येक चिपची ओळखसंख्या, आकार आणि खुणा यांचा तक्ता आहे. आमच्या चिपच्या ओळीत एक खूण वाढवायची. लिनक्समध्येही तेवढीच. एका ओळीचा पॅच, म्हणजे पाठवायची दुरुस्ती.

त्या ओळीसाठी पॅचसोबत जाणारा संदेश मात्र लांबलचक लिहिला. रोग काय, कधी दिसतो, मोजमाप काय, कोणत्या बोर्डावर तपासलं. हा शिरस्ता मला यू-बूटनेच लावला. काय बदललं ते कोडमध्ये दिसतंच. का बदललं ते पाच वर्षांनी वाचणाऱ्याला संदेशाखेरीज कुठेच सापडत नाही. खाली सही: हा कोड मी लिहिला आहे आणि देण्याचा मला हक्क आहे. त्याखाली इतरांच्या ओळी येतात, तपासणारा, चाचणी करणारा. माझ्या लेखी चाचणीची ओळ सगळ्यांत वजनदार. वाचून बरं वाटलं असं दहा जण म्हणतील. बोर्डाला वीज देऊन पाहिली असं म्हणणारा एखादाच.

पॅच यू-बूटकडे पाठवला, तेव्हा तिथल्या तपासणाऱ्याने एकच प्रश्न विचारला. हीच ओळखसंख्या असलेली जुनी चिप आहे का, आणि तिला या आज्ञा कळतात का?

वरवर हा आगाऊपणा वाटेल, पण प्रश्नाला इतिहास आहे. मॅक्रोनिक्सच्या २५एल२५६३५ या चिपची ‘ई’ आणि ‘एफ’ अशी दोन रूपं एकच ओळखसंख्या सांगतात. ‘एफ’ला चार बाइटच्या आज्ञा कळतात, ‘ई’ला कळत नाहीत. तक्त्यात सरसकट खूण लावली तर ‘एफ’वाले बरे होतील आणि ‘ई’वाल्यांची यंत्रं, जी कालपर्यंत ठणठणीत होती, ती अपग्रेडनंतर फ्लॅशच वाचू शकणार नाहीत. लिनक्समध्ये यावर उपाय असा केला, की चिपच्या पोटात स्वतःची माहिती सांगणारा जो तक्ता असतो, एसएफडीपी, तो वाचायचा, आणि त्यातल्या एका फरकावरून दोघांना वेगळं ओळखायचं.

आमची चिप दुसऱ्या कंपनीची. पण डेटाशीट काढून पाहिली तर तिलाही थोरलं भावंड होतं. तीच संख्या, शेवटचं अक्षर वेगळं, आणि जुन्या डेटाशीटमध्ये या आज्ञांचा उल्लेखच नाही. २०२१ च्या चिपटंचाईत बाजारात जे मिळेल ते घेऊन पेट्या भरल्या जात होत्या, तेव्हा कुठल्या बोर्डावर कुठलं अक्षर बसलं ते आमच्याच नोंदींमध्ये धड नाही. मग चीनमधल्या, ब्राझीलमधल्या कुणाच्या बोर्डावर काय आहे ते मला काय ठाऊक? एका ओळीच्या पॅचला आता एक छोटं फंक्शन हवं होतं, आणि त्या फंक्शनसाठी जुन्या चिपचा एसएफडीपी तक्ता, खरा, चिपमधून वाचलेला.

सँडबॉक्स इथे उपयोगी नाही. यू-बूट साध्या लिनक्सवर प्रोग्रामसारखा चालवायची ती सोय मला फार प्रिय आहे; ड्रायव्हर मॉडेलच्या चाचण्या तिच्यावर काही क्षणांत होतात, हार्डवेअर लागत नाही. पण जुनी चिप काय उत्तर देईल हे सँडबॉक्सला माझ्याइतकंच ठाऊक.

शोधाशोध केली. ते अक्षर असलेली चालू पेटी एकच सापडली: मामांची जुनी. जिच्यावर नवं काहीच कधी चढवलं नाही ती. तिच्यातलं लिनक्स इतकं जुनं की ते हा तक्ता बाहेर दाखवत नाही. म्हणजे पेटी बंद करून चालू करायची, सिरियल केबल लावून ऑटोबूट थांबवायचा, यू-बूटच्या प्रॉम्प्टवरून फ्लॅशला थेट ५ए ही आज्ञा पाठवायची आणि आलेले बाइट उतरवून घ्यायचे. दहा मिनिटांचं काम. मी लॅपटॉप घेऊन गेले.

“न्हाई,” मामा म्हणाले.

“दहा मिनिटं फक्त. दहा मिनिटांत बेदाण्याला काही होत नाही.”

“बेदाण्याला न्हाई हुत. पेटी परत चालू न्हाई झाली तर?”

“लाईट जाते तेव्हा बंद होतेच की ती.”

“लाईट आपसूक गेली तर महावितरण. तुम्ही पाडली तर मी.”

त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना. जी पेटी चालते तिला हात लावू नये, हे तत्त्व मी स्वतः दुसऱ्यांना ऐकवत असते. शेवटी आमचं ठरलं: माल दसऱ्या-दिवाळीला हलतो, चेंबर रिकामं झालं की मामा फोन करतील. वर म्हणाले, तवर लाईट गेली आणि तुमी हितंच असला, तर मग बघा काय बघायचं ते. केबल त्यांनी पेटीला लावून ठेवू दिली. तिचं दुसरं टोक खिळ्याला अडकवलंय.

यू-बूटच्या आवृत्त्या तीन महिन्यांनी निघतात; जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. म्हणजे मधल्या दोन माझ्या पॅचशिवाय जाणार. आमच्या गिऱ्हाइकांच्या पेट्यांवर मी तो आमच्यापुरता चढवला, कारण तिथे चिप कुठली ते उघडून बघता येतं. सार्वजनिक कोडमध्ये तो तसाच पुढे ढकलायला मी नकार दिला, आणि उत्तरात लिहिलं की जुन्या चिपचा तक्ता दिवाळीनंतर देते, पेटी सध्या कामात आहे.

तपासणाऱ्याचं लगेच उत्तर आलं. त्याला हे मान्य होतं. त्याने आपल्या वहीत नोंद करायला तेवढं विचारलं होतं, की या वर्षी दिवाळी कोणत्या तारखेला आहे.